तुमच्या संगणकातला प्रोसेसर कसा ओळखायचा: प्रत्येक आकडा आणि त्यामागचा इतिहास

संगणकाची माहिती दाखवणारी खिडकी उघडली की चार-पाच ओळींत बरंच काही लिहिलेलं असतं. प्रोसेसरचं लांबलचक नाव, गिगाहर्ट्झ, गिगाबाइट, ६४ बिट, एक्स६४. बहुतेक जण त्यातला एखादा मोठा आकडा बघतात आणि त्यावरून मशीन वेगवान की संथ हे ठरवून टाकतात. पण यातल्या प्रत्येक शब्दामागे एखादं वर्ष आहे, त्या वर्षी उभी राहिलेली अडचण आहे आणि तिच्यावर कुणीतरी काढलेला तोडगा आहे. ती अडचण कळली की तो आकडा काय सांगतो हे कळतं, आणि काय सांगत नाही हेही. म्हणून हा लेख स्वतःचा संगणक समोर उघडा ठेवून वाचावा. इतिहास वाटेत येत जाईल.

पायरी १: माहिती समोर आणा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी अगदी छोटी दिसली तर खालचं 'मोअर डिटेल्स' दाबा. 'परफॉर्मन्स' या भागात जाऊन 'सीपीयू' निवडा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या. मॅकवर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर टिचकी मारून 'अबाउट धिस मॅक' उघडा.

आता एका कागदावर लिहून घ्या: प्रोसेसरचं पूर्ण नाव, बेस स्पीड, कोअर किती, लॉजिकल प्रोसेसर किती, एल१, एल२ आणि एल३ कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान स्मृती) किती. मग 'मेमरी' निवडून एकूण रॅम आणि 'स्लॉट्स यूज्ड' समोरचा आकडाही टिपा. पुढे याची वारंवार गरज पडेल.

पायरी २: प्रोसेसर नेमकं काय करतो

स्मृतीतून एक सूचना उचलायची, तिचा अर्थ लावायचा, ती अमलात आणायची आणि पुढच्या सूचनेकडे जायचं. प्रोसेसर एवढंच करतो. सूचनाही अगदी साध्या असतात: हे दोन आकडे मिळव, हा आकडा त्या पत्त्यावर ठेव, उत्तर शून्य आलं तर अमुक ठिकाणी उडी मार. व्हिडिओ, खेळ, हिशेबाचा तक्ता हे सगळं शेवटी अशाच सूचनांच्या लांबच लांब ओळींतून उभं राहतं.

हे काम एकाच चिपवर आणणारा, बाजारात विकला गेलेला पहिला प्रोसेसर म्हणजे १९७१ चा इंटेल ४००४. बुसिकॉम या जपानी कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी खास चिपांचा संच हवा होता. इंटेलच्या टेड हॉफ यांनी उलट विचार मांडला. प्रत्येक कामाला वेगळी चिप बनवण्यापेक्षा सूचना वाचून कुठलंही काम करू शकेल अशी एकच चिप का नको? स्टॅन्ली मेझर यांनी त्या कल्पनेला आकार दिला. फेडेरिको फॅगिन यांनी बुसिकॉमच्या मासातोशी शिमा यांच्या मदतीने ती प्रत्यक्षात उतरवली. सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर (विजेचे सूक्ष्म स्विच), एका वेळी ४ बिट (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक), आणि प्रोसेसर ज्या तालावर चालतो त्याचे सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ७ लाख ४० हजार ठोके. अ‍ॅपलने २०२० मध्ये आणलेल्या एम१ चिपवर १६ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत. मधल्या एकोणपन्नास वर्षांत उचल, अर्थ लाव, अमलात आण हा क्रम मात्र तोच राहिला आहे.

पायरी ३: 'बिट'ची ओळ तपासा

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडा. 'सिस्टिम टाइप' समोर काय लिहिलं आहे ते बघा. ही ओळ सगळ्यात कमी वाचली जाते, आणि इतिहास सर्वांत जास्त तिच्यातच साठलेला आहे.

१९७८ साली इंटेलने ८०८६ आणला. तो १६ बिटांचा होता आणि त्याला २० तारांवरून स्मृतीचे पत्ते देता येत. २० तारा म्हणजे २ चा विसावा घात, म्हणजे बरोबर १ मेगाबाइट. पुढच्या वर्षी त्याचाच ८०८८ हा भाऊ आला. आतून १६ बिटांचाच, पण बाहेरच्या जगाशी ८ बिटांच्या रस्त्याने बोलणारा, त्यामुळे त्याच्याभोवतीचे सुटे भाग स्वस्तात मिळत. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत हाच ८०८८ होता. आयबीएमने १ मेगाबाइटपैकी वरचे ३८४ किलोबाइट पडदा आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवले. प्रोग्रॅमसाठी ६४० उरले. पुढे दशकभर डॉस ही त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांनी याच ६४० किलोबाइटच्या भिंतीवर डोकं आपटलं.

१९८२ चा ८०२८६ आला आणि पत्त्यांची मर्यादा १६ मेगाबाइटवर गेली. १९८५ च्या ८०३८६ ने ३२ बिट आणले आणि मर्यादा ४ गिगाबाइटवर नेली. तेव्हा हा आकडा अफाट वाटत असणार. विशेष म्हणजे ३८६ घालून पहिला नावाजलेला पीसी आयबीएमने नव्हे, कॉम्पॅकने १९८६ मध्ये आणला. पीसीची दिशा एकटी आयबीएम ठरवत नाही, हे त्या वर्षी उघड झालं. ८०८६, ८०२८६, ८०३८६ या नावांच्या शेवटी येणाऱ्या '८६' वरून या सगळ्या कुळाला 'एक्स८६' हे नाव पडलं.

मग ४ गिगाबाइटही अपुरे पडले. इंटेलने ६४ बिटांसाठी इटेनियम नावाची वेगळीच वाट धरली, आणि जुने प्रोग्रॅम तिथे नीट धावत नव्हते. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने २००३ मध्ये जुन्या एक्स८६ सूचनांनाच ६४ बिटांपर्यंत वाढवलं; यालाच 'एक्स६४' म्हणतात. जुनं सगळं चालत राहिलं, नवंही चालू लागलं, आणि पुढच्याच वर्षी इंटेलने ती पद्धत स्वीकारली. इंटेलचाच प्रोसेसर असलेल्या मशीनवरही काही फाइलींच्या नावांत 'एएमडी६४' दिसतं ते यामुळे. तांत्रिक निर्णय म्हणून मला हा पीसीच्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्याने कुणाचंही जुनं काम मोडीत काढलं नाही.

तुमच्या ओळीत '६४ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असेल तर पुढे चला. 'प्रोसेसर एक्स६४, पण ऑपरेटिंग सिस्टिम ३२ बिट' असं दिसलं तर हार्डवेअर चांगलं असूनही हात बांधलेले आहेत. अशा मशीनमध्ये ८ गिगाबाइट रॅम बसवली तरी घरगुती वापराचं ३२ बिटांचं विंडोज ४ पेक्षाही थोडी कमीच वापरतं, कारण ४ गिगाबाइटच्या पत्त्यांतला एक हिस्सा पुन्हा उपकरणांसाठी राखलेला असतो. ६४० किलोबाइटची कथा इथे मोठ्या आकड्यांत परत घडते. यावर उपाय म्हणजे फाइली सुरक्षित ठेवून ६४ बिटांची ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकणे.

ओळीत 'एआरएम' लिहिलेलं असेल तर कूळच वेगळं. १९८५ मध्ये ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेल्या प्रोसेसरचे हे वंशज. बहुतेक सगळ्या मोबाइल फोनांत हेच असतात, आणि २०२० नंतरच्या मॅकमध्येही. एक्स८६ साठीचे प्रोग्रॅम यांच्यावर भाषांतर होऊन चालतात. बरेचसे छान चालतात, पण जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर किंवा एखादं खास कार्यालयीन सॉफ्टवेअर अडू शकतं. मशीन घेण्याआधी ते चालतं का हे तपासून घ्या.

पायरी ४: गिगाहर्ट्झवर किती विश्वास ठेवायचा

मूळ आयबीएम पीसीचा ठोका होता ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके (गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज). असा विचित्र आकडा का? मदरबोर्डवर रंगीत टीव्हीच्या सिग्नलशी जुळणारा १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता, आणि त्याच्या ठोक्याला तीनने भागून प्रोसेसरला दिलं होतं. एकाच स्फटिकात दोन कामं भागली.

ठोका वाढवणे हा वेग वाढवण्याचा एक मार्ग झाला. दर ठोक्याला जास्त काम करवून घेणे हा दुसरा. १९९३ चा इंटेलचा पेंटियम दुसऱ्या मार्गाचं ठळक उदाहरण आहे. त्यात सूचना धावण्यासाठी दोन समांतर वाटा होत्या, त्यामुळे एका ठोक्यात दोन सूचना पूर्ण होऊ शकत. या प्रकल्पाच्या प्रमुखांपैकी एक होते विनोद धाम. दोन वर्षांनी आलेल्या पेंटियम प्रोने पुढची झेप घेतली: ज्या सूचनांची सामग्री हाताशी आहे त्या आधी उरकून घ्यायच्या आणि निकाल मात्र मूळ क्रमाने लावायचा. आजचे जवळजवळ सगळे मोठे प्रोसेसर असेच चालतात.

मार्च २००० मध्ये आधी एएमडी आणि दोन दिवसांनी इंटेल १ गिगाहर्ट्झवर पोहोचले. जाहिरातीत मोठा आकडा विकला जातो हे तोवर सर्वांना कळलं होतं. त्याच वर्षी आलेल्या पेंटियम ४ मध्ये इंटेलने प्रत्येक सूचनेचं काम २० छोट्या टप्प्यांत विभागलं. टप्पे लहान असले की ठोका जलद ठेवता येतो. पण पुढची उडी कुठे असेल याचा अंदाज चुकला की टप्प्यांत भरलेलं काम फेकून द्यावं लागतं. २००४ च्या आवृत्तीत हे टप्पे ३१ झाले. चिप तापू लागली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर होऊनही त्याच वर्षी रद्द झाला आणि ती मालिका ३.८ वर थांबली.

तापण्याचं कारण साधं आहे. चिपला लागणारी वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान झाला की दाबही कमी करता येई, त्यामुळे दोन्हींचं गणित जमत होतं. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यावर ते जमेनासं झालं, कारण दाब फार कमी केला तर बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपते.

२००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओने वादच मिटवला. २.४ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ३.८ च्या पेंटियम ४ ला मागे टाकत होता. म्हणून गिगाहर्ट्झची तुलना फक्त एकाच पिढीच्या, एकाच घराण्याच्या प्रोसेसरांत करा. वेगवेगळ्या पिढ्यांत त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

हा आकडा दुसऱ्या एका कामासाठी मात्र फार उपयोगी आहे. एखादं जड काम पाच-दहा मिनिटं चालू ठेवा आणि टास्क मॅनेजरमध्ये 'स्पीड' बघत राहा. सुरुवातीला तो बेस स्पीडच्या बराच वर जाईल, मग थोडा खाली येऊन स्थिरावेल. हे निरोगी लक्षण आहे. पण वापर शंभर टक्क्यांजवळ असताना वेग बेस स्पीडच्याही खाली घसरत असेल, तर बहुधा प्रोसेसर उष्णतेमुळे स्वतःला आवरतो आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून आणि वीज वाचवण्याची सोय बंद करून पुन्हा बघा, कारण तेही कारण असू शकतं. तरीही घसरत असेल तर पंखा आणि जाळी साफ करा, आणि मशीन जुनं असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. नवं मशीन घेण्याच्या बेतात असलेल्या कुणालाही मी आधी हे करून बघायला सांगेन.

पायरी ५: कोअर मोजा, पण कोणते तेही बघा

ठोका वाढेना, ट्रान्झिस्टर मात्र वाढत होते. मग २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनीही घरगुती पीसीसाठी दोन कोअरचे प्रोसेसर आणले. कोअर म्हणजे स्वतंत्रपणे सूचना चालवणारा पूर्ण प्रोसेसर. लॉजिकल प्रोसेसरचा आकडा कोअरच्या दुप्पट दिसत असेल, तर प्रत्येक कोअर दोन कामांच्या सूचना आलटून पालटून घेत आपले रिकामे क्षण भरतो आहे. इंटेलने पीसीत ही सोय २००२ मध्ये आणली. यामुळे क्षमता दुप्पट होत नाही. काही कामांत थोडी वाढते, काहींत अजिबात नाही.

२०२१ पासून इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत दोन जातींचे कोअर असतात: ताकदीचे आणि वीज वाचवणारे. आय५-१२३५यू मध्ये १० कोअर आहेत, पण ताकदीचे त्यातले फक्त २. लॉजिकल प्रोसेसर १२. वेष्टनावर मात्र १० हाच आकडा दिसतो.

आता एक प्रयोग. सीपीयूच्या आलेखावर उजवी टिचकी मारून आलेख 'लॉजिकल प्रोसेसर'नुसार दाखवायला सांगा. मग जे काम संथ वाटतं ते चालू करा. समजा आठ लॉजिकल प्रोसेसर आहेत आणि एकूण वापर १२-१३ टक्क्यांवरच अडकला आहे. वरवर बघता प्रोसेसर रिकामा आहे. खरं तर एक आठवा भाग म्हणजे साडेबारा टक्के, म्हणजे ते काम एकाच वाटेने चाललं आहे आणि ती वाट पूर्ण भरली आहे. (विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असतं, त्यामुळे एकच आलेख भरलेला दिसेल असं नाही. एकूण टक्केवारी बघा.) अशा कामासाठी १६ कोअरचं मशीन आणलं तरी फरक पडणार नाही. तिथे एकेका कोअरची ताकद जास्त असलेली नवी पिढी हवी. संगणक रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच हे गणित मांडलं होतं: कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग दहापटीपलीकडे जात नाही.

पायरी ६: कॅश, रॅम आणि डिस्क

८०८८ ला स्मृतीतून एक बाइट आणायला चार ठोके लागत. आज ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला रॅममधून काही आणायचं तर तीनशेच्या आसपास ठोके थांबावं लागतं. रॅम वेगवान झाली, पण प्रोसेसर तिच्या फार पुढे निघून गेला. ही दरी भरण्यासाठी १९८९ च्या ८०४८६ मध्ये ८ किलोबाइटची कॅश थेट चिपवर आली. आज तुमच्या कागदावर तीन पातळ्यांची कॅश आहे आणि शेवटची कित्येक मेगाबाइटची.

या थांबण्याची खरी जाणीव व्हावी म्हणून एक हिशेब करू. एल१ कॅशमधून माहिती यायला साधारण एक नॅनोसेकंद लागतो. तो एक सेकंद आहे असं धरलं, तर रॅममधून यायला दीड मिनिट लागेल, एसएसडीवरून (फिरते भाग नसलेल्या डिस्कवरून) एक दिवसाच्या आसपास, आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून जवळजवळ चार महिने. ऑपरेटिंग सिस्टिम अजून फिरत्या डिस्कवर असेल तर प्रोसेसरबद्दल विचार करायचं कारणच नाही. आधी एसएसडी बसवा.

'स्लॉट्स यूज्ड' समोर 'दोनपैकी एक' असेल तर तिकडेही लक्ष द्या. बहुतेक प्रोसेसर रॅमशी दोन मार्गांनी एकाच वेळी बोलू शकतात आणि एकच पट्टी असली तर एक मार्ग रिकामा राहतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये याचा फरक चांगलाच जाणवतो, कारण चित्र उभं करणारा भागही तीच रॅम वापरतो. दुसरी पट्टी घेताना डीडीआरची (रॅमच्या प्रकाराची) पिढी तीच हवी. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

पायरी ७: नाव उलगडा

आकड्यांवर ट्रेडमार्क मिळत नाही हे न्यायालयात कळल्यावर इंटेलने ५८६ ऐवजी 'पेंटियम' हे नाव घेतलं. तेव्हापासून नावं जाहिरातीसाठी ठेवली जातात, हे लक्षात ठेवून ती वाचावीत.

आय७-७५००यू आणि आय५-८२५०यू हे दोन घ्या. '७' मोठा म्हणून पहिला चांगला वाटतो. पण रेघेनंतरचा पहिला अंक पिढी सांगतो: सातवी आणि आठवी. सातव्या पिढीच्या त्या आय७ मध्ये २ कोअर आहेत, आठव्या पिढीच्या आय५ मध्ये ४. रेघेनंतर पाच अंक असतील, किंवा वरच्या १२३५यू सारखे चार अंक १ ने सुरू होत असतील, तर पहिले दोन म्हणजे पिढी. शेवटचं अक्षरही महत्त्वाचं. 'यू' म्हणजे कमी विजेचा, पातळ लॅपटॉपसाठीचा. 'एच' म्हणजे जास्त ताकदीचा लॅपटॉपचा. डेस्कटॉपचा 'के' म्हणजे ठोका वाढवण्याची मोकळीक असलेला. 'एफ' म्हणजे ग्राफिक्स नसलेला, त्याला वेगळं कार्ड लागतंच.

एएमडीच्या लॅपटॉपसाठीच्या रायझन ७००० मालिकेत तर अधिक सावध राहावं लागतं. तिथे तिसरा अंक आतली रचना सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये झेन २ ही जुनी रचना आहे आणि ७५४०यू मध्ये झेन ४. नावात फरक एका अंकाचा, आत दोन पिढ्यांचा. कुठलंही मशीन घेण्याआधी पूर्ण नाव अक्षरासकट उतरवून घ्या आणि उत्पादकाच्या पानावर वर्ष, कोअर आणि रचना बघा.

पायरी ८: प्रोसेसर बदलायचाच असेल तर

लॅपटॉपमध्ये तो आजकाल मदरबोर्डला डाग देऊन जोडलेला असतो, तिथे विषय संपला. डेस्कटॉपमध्ये सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, जुळायला हवा. नव्वदच्या दशकात सॉकेट ७ मध्ये इंटेलचा पेंटियम आणि एएमडीचा के६ दोन्ही बसत. १९९७ मध्ये पेंटियम २ सोबत इंटेलने स्वतःचा वेगळा स्लॉट आणला आणि वाटा फुटल्या.

सॉकेटचं नाव जुळणं पुरेसं नाही. इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीच्या सॉकेटला एलजीए ११५१ हेच नाव आहे, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर चालत नाही. एएमडीच्या एएम४ वर मात्र २०१७ चे पहिले रायझन आणि २०२० चे रायझन ५००० एकाच सॉकेटात बसतात, आणि बायोस (मशीन चालू होताना प्रोसेसर ओळखणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अद्ययावत केल्यावर जुने अनेक मदरबोर्डही नवे प्रोसेसर चालवतात. म्हणून मदरबोर्डचं नेमकं मॉडेल शोधा, उत्पादकाच्या पानावरची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी उघडा, आणि तुम्हाला हव्या असलेल्या चिपसमोर बायोसची कोणती आवृत्ती लिहिली आहे ते बघा. ती आवृत्ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच टाकून घ्या. तो काढल्यावर जुन्या बायोसला नवी चिप ओळखता येत नाही, आणि मग बहुतेक मदरबोर्डवर बायोस बदलण्यासाठी जुना प्रोसेसर परत बसवण्यावाचून मार्ग उरत नाही.